थेंबाचा तपास

इंजिनातून धो धो ऑइल गळायला लागलं तर एक परी बरं. गाडी जागेवर उभी राहते, मिस्त्री येतो, कुठं फुटलंय ते शेंबड्या पोरालाही दिसतं आणि खर्चाचा आकडा ऐकून माणूस एकदाच काय तो मटकन खाली बसतो. खरा छळ मांडते ती बारीक गळती. गाडी चालते, भार ओढते, डिपस्टिकवरची पातळी जागची हलत नाही. फक्त सकाळी इंजिनखाली चार काळे ठिपके पडलेले असतात आणि ते बघून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला मत फुटतं.

आमचा सहाटायरी ट्रक २००४ सालचा. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटो, नंतर कांदा, लग्नसराईत मांडवाचं सामान. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, रेक्झिनच्या गादीखाली. त्यामुळे ड्रायव्हरमामांच्या डाव्या पायाला बारमाही शेक मिळतो. गळतीबद्दल मामांचं धोरण ठाम होतं. "भाऊ, असू द्या. तेवढ्या ऑइलवर तर चॅसीला गंज धरला नाय."

हिशेब मामांच्याच बाजूने होता. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस-पंचवीस थेंब बसतात. रात्री दहा थेंब गळाले तरी लिटरभर ऑइल जायला पाच-सात वर्षं लागतील. तोवर किती वेळा ऑइल बदलून होतं! मी हे आईला कागदावर मांडून दाखवलं. आईने कागद बघितला नाही, अंगणातले नवे पेव्हिंग ब्लॉक दाखवले. वर गाडीची पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणीही तोंडावर आली होती. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दरसाल आहेच.

पहिल्या मिस्त्रींनी गाडीखाली सरकून बॅटरी मारली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडतात तिथला घंटेच्या आकाराचा भाग ओला होता. "मागचं क्रँक सील गेलंय, शेठ. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." इथवर ठीक होतं. पुढे ते म्हणाले, "आता उतरवलाच आहे तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळंच टाकून घेऊ." गॅरेजात 'आता उतरवलाच आहे तर' याच्याइतकं महाग वाक्य नाही.

दुसऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली जायची तसदीही घेतली नाही. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं, त्यातून धूर येताना बघितला आणि मान हलवली. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, पिस्टनपाशी दाब खाली निसटतोय. इंजिन खोलून नव्याने बांधून घ्या." वीस वर्षांच्या डिझेल इंजिनाचं झाकण काढल्यावर थोडा धूर येणारच, अत्तर थोडंच येणार? पण हे मला घरी आल्यावर सुचलं. तिसऱ्यांचा संशय चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, पॅकिंगवर. पंक्चरवाला म्हणाला, एम-सील लावा. पुण्यात आयटीत असलेल्या मेहुण्याने फोनवरून सांगितलं, की ऑइलमध्ये एक चमकणारा रंग टाकायचा आणि अंधारात निळ्या दिव्याने बघायचं. पद्धत खरी आहे. पण तो रंग आणि तो दिवा आमच्या तालुक्यात शोधायलाच वेगळा तपास लावावा लागला असता.

शेवटी शेजारचे तात्या आले. तात्या एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते आले तेच आपलं मत न सांगता. त्यांनी आधी फ्रिजचा खोका फाडून इंजिनखाली अंथरायला लावला आणि दोन दिवस गाडीला हात लावू नका म्हणाले. मग खोक्यावरचा एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, नाकापाशी नेला, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मामांनी टोपी काढली.

"काळं आहे, पातळ आहे. गंधकाचा वास नाही. म्हणजे गिअरबॉक्सचं नव्हे, इंजिनचंच." डिझेल इंजिनात ऑइल टाकल्या टाकल्या काजळीने काळं होतं. गिअर ऑइल चिकट असतं आणि त्याला उग्र वास येतो. एवढी साधी परीक्षा. ती करायला तिघांपैकी कोणालाही सवड झाली नव्हती.

पुढचा शोध खोक्यावरच लागला. गाडी बाजारातून आली त्या रात्री ठिपके पडले. दुसऱ्या रात्री, गाडी उभीच असताना, एकही नाही. तात्या म्हणाले, "चेंबरचं पॅकिंग गेलं असतं तर उभ्या गाडीतूनही पाझरलं असतं. हे चालू गाडीत, दाबाखाली बाहेर पडतंय. रात्री गळतं ते अंगाखांद्यावरचं उरलेलं. आणि ऑइल जिथं दिसतं तिथून कधी निघत नाही, बाळ. पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो, वजन त्याला खाली ओढतं. ओलं सगळ्यात पुढं आणि सगळ्यात वर कुठं आहे, ते बघायचं."

पण बघणार काय? वीस वर्षांची धूळ आणि ऑइल मिळून इंजिनावर बोटभर खरपूस थर बसलेला. तो आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडला, मग डिझेल आणि ब्रशने धुतला. डायनामोला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. थराखाली एक दहाचा पाना सापडला. तो पाहून मामा एवढे हळवे झाले, की पुढचा अर्धा तास त्यांनी काही काम केलं नाही.

इंजिन वाळल्यावर तात्यांनी पावडर मागितली. अंगाला लावायची. घरात घामोळ्यांची होती, तीच बायकोने दिली, तोंडाने काही न बोलता. तात्यांनी ब्लॉकपासून पार मागपर्यंत पावडर फुंकून बसवली. काळं धूड पांढरंफेक झालं, कापराचा थंडगार वास सुटला. मामांनी गाडी चाकणपर्यंत नेऊन आणली आणि आम्ही सगळे केबिनमध्ये ओणवे झालो.

टॅपेट कव्हर कोरडं. फिल्टर कोरडा. ऑइल प्रेशरच्या स्विचपाशीही पावडर जशीच्या तशी. आणि डायनामोच्या पाठीमागे, ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप असतो तिथं, पांढऱ्यावर केसाएवढी एक काळी रेघ. तिथून निघून ब्लॉकच्या कडेकडेने मागे गेलेली, थेट त्या घंटेपर्यंत. या पंपाला इंजिनाचंच ऑइल लागतं. ते एका बारीक पाइपाने येतं आणि त्या पाइपाच्या बोल्टाला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात. त्यातला एक दबून दबून कडक झालेला. ज्या वायसरसाठी गिअरबॉक्स उतरणार होता, त्याच्या किमतीत चहाही आला नसता.

नवा आणायला मी किल्ली उचलली तर तात्यांनी थांबवलं. जुनाच वायसर पकडीत धरून गॅसच्या शेगडीवर लालभडक केला आणि पाण्यात टाकला. चर्र. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. पॉलिश पेपरवर घासून तोच परत बसवला. खोका आता कोरडा आहे. तात्यांनी पैसे घेतले नाहीत, पण पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी खोका बघायला म्हणून चहाच्या वेळेला येत राहिले.

पासिंगला साहेबांनी दिवे बघितले, वायपर बघितला, ब्रेक बघितला, रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. शेवटी केबिनमधली गादी उचलायला लावली आणि थबकले. जुन्या ट्रकचं एवढं स्वच्छ इंजिन म्हणजे काहीतरी लपवलंय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असणार.

"एवढं धुवून आणलंय. गळतंय कुठं?"

मी सगळी हकिकत सांगायला तोंड उघडलं. साहेब तोवर आणखी खाली वाकले, नाक फेंदारलं आणि त्यांनी माझ्याऐवजी मामांकडे बघितलं.

"हा वास कसला?"

"घामोळं आलतं, साहेब," मामा म्हणाले.