मेला नाही, अडलाय

लेखातलं 'एन्झाइम गेलं की मातीतला जिवाणू मरतो' हे वाक्य घाईचं वाटलं. त्याला खायला काय दिलंय, ते आधी सांगा ना! पुण्यात एमएस्सीला असताना आम्ही आयसोसायट्रेट लायेज हे एन्झाइम नसलेला स्यूडोमोनास पुटिडा हा मातीतला जिवाणू वाढवायचो. ३० अंशांवर, ग्लुकोजच्या प्लेटवर दोन दिवसांत मलईसारख्या टपोऱ्या वसाहती. शेजारच्या अ‍ॅसिटेटच्या (व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार) प्लेटवर शुकशुकाट; मला वाटलं, पेरायचंच विसरले. अ‍ॅसिटेटचे दोन कार्बन क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशीत ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या फेऱ्यात, शिरतात आणि तेवढेच दोन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ऊर्जा मिळते, पण पेशी बांधायला शिल्लक काहीच नाही. ही गळती टाळणारी आडवाट या एन्झाइममुळेच उघडते. त्या रिकाम्या प्लेटवर ग्लुकोजचा थेंब टाकला, तर दोन दिवसांत थेंबाभोवती वाढ!