चेन मागून राह्यते जी!

"चेन मागून राह्यते जी!" हे मला ऐकवलं जलतरण तलावाच्या चौकीदारानं. डोक्याला माकडटोपी, वरून मफलर, पुढ्यात स्कूटरचं जुनं टायर जळतंय. अन् मालवणला स्कूबा करण्याआधी इथे सराव करायला निघालेला मी, जानेवारीत सकाळी साडेसहाला वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सूट, उलटा घालून उभा.

(नागपूर म्हटलं की लोकांना मे महिन्याची भट्टीच आठवते. 29 डिसेंबर 2018ला इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हे सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. हसा.)

सूट सोलून पुन्हा चढवण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी चौकीदारानं माझ्या पाठीत गुडघा रोवून, गच्च भरलेल्या पोत्याचं तोंड आवळावं तशी चेन ओढली. मग उलटतपासणी.

"कायचा होय हा?"

"निओप्रीनचा."

"म्हंजे रबर."

"रबरच, पण आत गॅसचे बारीक बुडबुडे असतात. थंडी अडते त्यानं."

"पानी नाही जात आत?"

"जातं. पातळ थर अडकतो, मग तो अंगाच्या उबेनं कोमट होतो."

चौकीदारानं टायर काडीनं उकरलं. "म्हंजे आधी थंड पान्यानं भिजाचं, मंग थेच पानी आपनच तापवाचं. अन् पैसे बी आपनच द्याचे?"

मी गप्प.

"आमी टायर जाळून शेकतो, तुमी घालून शेकता. एकच गोष्ट होय."

एकच कशी? टायर फुकट होतं. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं, हे शिकवणाऱ्या साहेबांनी फी घेतल्यावर सांगितलं. स्वतः 5 मिलिमीटरच्या सुटात, डोक्याला हूड. मला भाड्याचा 3 मिलिमीटरचा, तोही ढगळ. ढगळ सुटात कोमट झालेलं पाणी टिकतच नाही. हात हलवला की मानेतून ताजं, गारढोण पाणी थेट कण्यावरून खाली. दात असे वाजायला लागले की श्वासासाठी तोंडात धरलेल्या रेग्युलेटरचं रबर तुटतं की काय! तक्रार केली तर म्हणे, "श्वासाकडे लक्ष द्या." अहो, सुटाचं भाडं 400 रुपये वेगळं लावलंत, त्याकडे कोणी लक्ष द्यायचं?

बाहेर आलो तेव्हा ओठ जांभळे. चौकीदारानं सरकून जागा दिली. टायर संपत आलं होतं. बाजूला वाळत टाकलेल्या माझ्या सुटाकडे त्यानं दोनदा पाहिलं.

"थो जरा दूर ठेवा जी. थंडी वाढली तं माहा भरोसा नाही."