उठसूट वेरूळ

रविवारची सकाळ. पोह्यांच्या बशा अजून हातात आहेत, चहाचं दुसरं आधण चढलंय आणि पाहुण्यांतलं कुणीतरी खिडकीबाहेर बघत म्हणतं, "चला की, वेरूळला जाऊन येऊ. इथंच तर आहे." छत्रपती संभाजीनगरात घर असलेल्या माणसाची निम्मी संकटं या तीन शब्दांतून उगवतात.

आमच्या शहराची मांडणीच उठसूट निघणाऱ्यांना भरीला घालणारी आहे. देवगिरी उर्फ दौलताबादचा किल्ला १५ किलोमीटर, खुलताबाद २५, तिथून घाट उतरला की वेरूळ, म्हणजे घरापासून ३०. दुसऱ्या दिशांना पैठण ५० आणि अजिंठा १००. माझं निरीक्षण असं की ठिकाण जितकं जवळ, तितके हाल जास्त. अजिंठ्याला निघालेला माणूस आदल्या रात्री गाडीची टाकी भरतो, पहाटेचा गजर लावतो, पोळी-भाजीचा डबा घेतो. वेरूळला निघालेला माणूस पायात चपला सरकवतो.

या मुलखाला घाईचं वावडं आहे, हे इतिहासानं दोनदा सांगून झालंय. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी न सांगता देवगिरीवर येऊन थडकला, तेव्हा रामदेवराय यादवांच्या माणसांनी हाताला लागतील ती पोती गडावर चढवली. वेढा पडल्यावर सोडून बघतात तर धान्याऐवजी मीठ, असं जुने इतिहासकार लिहून गेलेत. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्ली सोडून राजधानी इथं आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांनी म्हणाला, चला परत. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर "गॅस बंद केला का?" म्हणून गाडी मागं फिरवायला लावणाऱ्यांचा हा मूळपुरुष.

तेव्हा पहिली गोष्ट, वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हे पाठ करायला सोपं आहे आणि तरीही दर मंगळवारी वेरूळच्या फाटकाशी दुसऱ्या जिल्ह्यांच्या नंबरप्लेटी उभ्या दिसतात. आतली माणसं खाली उतरून फाटकाच्या गजांतून कैलास दिसतो का बघतात. मंगळवारीच निघणं भाग असेल तर किल्ला उघडा असतो, शहरातला बीबीचा मकबरा उघडा असतो, वेरूळचं घृष्णेश्वराचं मंदिरही. श्रावणात मात्र शनिवार टाळावा, कारण खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून लोक रात्रभर पायी जातात आणि रस्ता त्यांचा असतो. श्रावणी सोमवारी हीच गर्दी घृष्णेश्वराला. एकूण रविवार बरा. बाकी सगळ्यांनाही रविवारच बरा वाटतो, एवढीच काय ती अडचण.

आता निघण्याचं. "दहा मिनिटांत निघू" हे वाक्य साडेआठला उच्चारलं जातं. नऊ माणसं आणि एक न्हाणीघर हे गणित करून बघा. मग गाडी सात जणांची असते, म्हणून एक दुचाकी काढायची ठरते, तिच्या चाकात हवा नसते. वहिनी म्हणतात, बाहेरचं खायला नको, पटकन थोड्या दशम्या करते. त्या पटकन होतात, पण चटणी कुटायला वेळ लागतो. गाडी नगरनाक्याला पोचते तेव्हा सव्वाअकरा झालेले असतात आणि पडेगाव येईपर्यंत कळतं की पिशवीत चिवडा दोन किलो आहे, पत्त्यांचे दोन कॅट आहेत, उन्हाची टोपी एक आहे आणि पाण्याची बाटलीही एकच. मिठाच्या पोत्यांची आठवण इथं येते. माणशी दोन लिटर पाणी हा हिशोब उन्हाळ्यातला नव्हे, बारमाही आहे. बॅटरी घ्यावी, मोबाइलची नव्हे, खरी. का ते पुढे येईल.

क्रम हा या सहलीचा प्राण. सकाळी आठला किल्ला, अकरापर्यंत खाली, मग घाट चढून खुलताबाद, जेवण आणि दोननंतर वेरूळ. याला कारण आहे. किल्ला चढायचा असतो, तो ऊन तापायच्या आत चढावा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, सकाळी ती सावलीत असतात, दुपार कलली की ऊन तिरकं आत शिरतं आणि दगडातली माणसं जागी होतात. सव्वाअकराला नगरनाक्यावर असलेल्या मंडळींनी खरं तर किल्ला रस्त्यावरूनच बघून पुढं जावं. पण किल्ला रस्त्यात आडवा येतो. "आलोच आहोत तर," असं कुणीतरी म्हणतं आणि बरोबर बाराच्या ठोक्याला मंडळी महाकोट दरवाजात उभी राहतात.

किल्ल्याबद्दल दोन शब्द सबुरीनं. पहिला अर्धा तास तो अतिशय सभ्य वागतो. सपाट वाट, तोफा, भारतमातेचं मंदिर, चांद मिनार. सगळ्यांना वाटतं, किल्ला झाला. प्रत्यक्षात तो अजून सुरूसुद्धा झालेला नसतो. खरा किल्ला म्हणजे समोरचा डोंगर, ज्याचे कडे खालून उभे तासून काढलेत, घोरपड लावायलाही जागा ठेवलेली नाही. त्याच्याभोवती खडकात खोदलेला खंदक. वरच्या बारादरी नावाच्या महालापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आणि त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या उंचीच्या नाहीत. काळा दगड बारा वाजता तव्यासारखा तापतो आणि साडेतीनपर्यंत निवत नाही. चपला गुळगुळीत तळाच्या असल्या तर उतरताना घसरतात, चढताना नाही, म्हणून चूक कळते ती फार उशिरा.

चिनी महालापाशी मंडळींची पहिली फाळणी होते. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशहा इथं कैदेत होता. तो गेला आणि त्याला पुरलं खुलताबादला, म्हणजे बारा-एक वर्षांत त्यानं कापलेलं अंतर आपण अर्ध्या तासात कापतो. हे ऐकून आत्या महालाच्या सावलीत बसतात, "मी सामान सांभाळते" म्हणतात आणि ज्या पिशवीत पाणी आहे तीच सांभाळतात. वर जाणाऱ्यांना हे कळतं अंधारीच्या तोंडाशी.

अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वळणं घेत वर चढणारा बोगदा. शत्रू आत शिरला की त्याला वाट सापडू नये, पाय चुकावा, आपलीच माणसं आपल्याच माणसांना मारावीत, अशी रचना. वरच्या तोंडावर लोखंडी जाळी, तिच्यावर विस्तव पेटवायचा आणि धूर खाली सोडायचा. हे सगळं ज्यांच्यासाठी केलं ते कधीच गेले. आता आत वटवाघळं, त्यांचा उग्र वास आणि एकमेकांची नावं पुकारणारी कुटुंबं आहेत. खरी बॅटरी इथं लागते. मोबाइलचा दिवा समोरच्याच्या पाठीवर पडतो आणि पायाखाली अंधार तो अंधारच, शिवाय तोच मोबाइल वर धरून कुणीतरी छतावरची वटवाघळं टिपायला बघतं. बघू नये. तोंड मिटून, भिंतीला एक हात लावून, मधे न थांबता चालावं. तोंड मिटायचं कारण वटवाघळांनाच विचारा. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता इथल्या कोठडीतल्या उंदरांबद्दल लिहितो की ते मांजरांहून मोठे होते. आपण वटवाघळांवर निभावतो, म्हणजे सुधारणाच म्हणायची.

बारादरीपर्यंत पोचलेल्यांना वारा मिळतो, तो खरा. वर जाऊन खाली यायला तीन तास धरा. म्हणजे तीन वाजले. जेवण झालेलं नाही.

आणि पुढे दिल्ली दरवाजा आहे. दौलताबादच्या बाहेरच्या तटाचा हा दरवाजा खुलताबादच्या रस्त्यावर येतो आणि एका वेळी एकच मोठी गाडी त्यातून जाते. हत्तीच्या अंबारीच्या मापानं बांधला तेव्हा समोरून पर्यटकांची बस येईल हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. रविवारी दोन्ही बाजूंनी रांगा लागतात आणि दोन्हींकडचे लोक "मागं घ्या" म्हणतात. या वेळाचा एकच उपयोग, रस्त्याकडेच्या टोपल्या. पावसाळा सरताना इथं सीताफळं येतात, ती घ्यावीत. पण गाडीत खाऊ नयेत, बिया कुठे टाकायच्या यावरून घाटभर भांडण होतं.

खुलताबादला लोक औरंगजेबाची कबर बघून बुचकळ्यात पडतात, कारण बघण्यासारखं जवळजवळ काही नाही. उघड्या आभाळाखालची साधी माती. त्याच्या बेगमेचा, दिलरस बानूचा मकबरा मात्र शहरात ताजमहालाच्या थाटात उभा आहे, तोही पुरा संगमरवरी नाही, खाली काही फूट संगमरवर आणि वर बराचसा गिलावा. त्याचा जुना खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे असा नोंदवलेला आहे. ते सात आणे मला फार आवडतात. पुढे सहलीचा हिशोब करताना इतका चोख माणूस आपल्याकडे का नाही, असं वाटतं. ज्यानं १६१० मध्ये खडकी म्हणून आमचं शहर वसवलं तो मलिक अंबरही खुलताबादलाच आहे, पण त्याच्याकडे फारसं कुणी जात नाही, कारण तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते. गावातला भद्रा मारुती पहुडलेला आहे. साडेतीनच्या उन्हात, उपाशीपोटी त्याच्यासमोर हात जोडले की भक्तीच्या जोडीला थोडा हेवाही मनात येतो.

जेवणाचं सांगायलाच नको. दोघांना नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा हवा असतो, जो शहरात सोडून आलो. एकाची चतुर्थी असते. ढाब्यावर शेवभाजी, भाकरी आणि ठेचा मागवावा, वाद मिटतो. दशम्या घरीच ओट्यावर राहिल्या, हेही इथंच कळतं.

वेरूळला साडेचार. सूर्यास्ताला फाटक बंद. लेणी ३४. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणून मिसरूड फुटलेला एक भाचा खिडकीसमोर वाकून उभा राहतो. इतक्या वेळात चार लेणी होतात. सोळावं, म्हणजे कैलास. दहावं विश्वकर्मा, ज्याचं छत दगडाचं असून लाकडी वाशांचं वाटतं. बारावं तीन ताल. आणि जैनांतलं बत्तिसावं इंद्रसभा, पण ते उत्तरेला दीडेक किलोमीटरवर आहे, तिकडची बस आधी पकडावी, कैलास शेवटी ठेवावा. लोक नेमकं उलटं करतात, कारण कैलास फाटकासमोरच आहे. अकराव्या लेण्याकडे जाता जाता बघून घ्या. त्याचं नाव दोन ताल. खालचा मजला मातीत गाडलेला होता, १८७६ मध्ये तो मोकळा झाला आणि मजले तीन भरले. नाव दोन तालच राहिलं. घाईत काढलेलं अनुमान किती टिकाऊ असतं बघा.

कैलासासमोर मात्र आमच्यासारख्यांनी मान खाली घालावी. राष्ट्रकूटांचा कृष्णराजा पहिला, आठवं शतक. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं आख्खं देऊळ, मागची कड १०७ फूट. वरून खाली कोरताना "बघू पुढचं पुढे" चालत नाही. शिखर कोरतानाच तळाच्या हत्तींसाठी किती दगड सोडायचा हे ठरलेलं असावं लागतं, उडालेला कपचा परत चिकटवता येत नाही. दंतकथा म्हणते, शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा नवस होता, म्हणून कोकस नावाच्या शिल्प्यानं शिखरापासूनच सुरुवात केली. जेवणाची वेळ गाठण्यासाठी योजना असावी तर अशी. आपल्याला दुपारच्या जेवणाचा ढाबा ठरवता आला नव्हता.

मावळतीचं ऊन खांबांवर चढत असतं, रावण कैलास हलवतो ते शिल्प आत्ता कुठे नीट दिसायला लागलेलं असतं आणि शिट्ट्या वाजतात. बाहेर पडल्यावर घृष्णेश्वर आहेच. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी सदरा-बनियन काढायचा, त्यामुळे रांगेत पोटं आत घेऊन उभे असलेले काकालोक दिसतात. गाभारा लहान आहे, श्वास फार वेळ धरवत नाही.

परतीच्या वाटेवर "म्हैसमाळ इथंच तर आहे, खुलताबादहून बारा किलोमीटर" असं कुणी म्हणालं तर अंधार पडल्याकडे बोट दाखवावं. दिल्ली दरवाजात पुन्हा रांग. शहरात गुलमंडीच्या बाजारात पोचेपर्यंत नऊ वाजतात आणि इमरती गरम मिळाली तर पाच मिनिटं कुणीही काही बोलत नाही.

मग पाहुणे बोटं चाटत म्हणतात, "लेणी काही नीट झाली नाहीत हो. आमची गाडी बुधवारची आहे. परवा निवांत जाऊन येऊ की, इथंच तर आहे."