थार नाशकात बनते म्हणून जंगल आपलं होत नाही

पाऊस सुरू झाला की ग्रुपवर तेच व्हिडिओ. नाशिकहून सावळघाट उतरून पेठच्या पुढे कुठेतरी जंगलात गाडी घातली, चिखल टपापर्यंत उडवला, अडकले, विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून काढली, खाली आगीचे इमोजी. स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ द्या, मला ह्यात ड्रायव्हिंग कुठे दिसत नाही.

तो रस्ता आहे काय ते तरी बघा ना. सागाचा कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडला की लाकूड डेपोपर्यंत न्यायला ट्रक जाईल एवढी वाट काढलेली असते, डांबर नाही, बऱ्याच ठिकाणी नुसती माती नि मुरूम, आणि ती कोरड्या दिवसांतल्या कामासाठी. ओल्या मातीत दोन टनाची गाडी फिरवली की चाकोरी खोल होते, मग पाणी बाजूला जायचं सोडून त्याच चाकोरीतून धावतं आणि वाटेचा ओहोळ होतो. मध्ये आडवे चर असतात ते पाणी बाहेर काढायला, आपले लोक त्यावरून उड्या मारून कडा फोडतात. आणि पाड्यावरच्या माणसाला पेशंट बाईकवर बसवून न्यायचा असेल तरी वाट हीच. आपण रविवारी येतो, तो रोज चालतो.

माझ्या मते ह्या वाटेचे दिवस म्हणजे दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत. माती बसलेली असते आणि खरं कसब तेव्हाच दिसतं. टायरची हवा बत्तीस-पस्तीसवरून बावीसच्या आसपास आणा (आणि पंप जवळ ठेवा, तसेच हायवेला निघू नका प्लीज). उतारावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना हळू पण जोरदार ताकद देणारा गिअर) पहिला गिअर टाका नि इंजिनलाच गाडी धरू द्या, ब्रेक दाबून चाकं लॉक केली की गाडी घसरतेच. चाकोरी खोल असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून चाला, नाहीतर डिफ (गाडीखाली अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा) घासतो. पण कडेला जाताना खाली उतरून बघा, तोडलेल्या सागाचे खुंट पाल्यात दिसत नाहीत आणि टायरची साइडवॉल फाडतात, त्याला पंक्चरवाला पण काही करू शकत नाही. समोरून भरलेला ट्रक आला तर घाटात चढणाऱ्याला आधी वाट हा नियम सांगत बसू नका, तो थांबू शकत नाही, तुम्हीच मागे घ्या.

फेब्रुवारी-मार्चनंतर मात्र परत नको. सागाची पानं गळून खाली वाळलेला थर असतो, बीएस-सिक्स डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करताना एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापतो, अशी गाडी त्या पाल्यावर उभी केली तर वणवा लागायला काडी लागत नाही. ह्याच्यावर कोणी रील करत नाही.

आणि राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, 'सगळेच जातात' हे तिथे चालत नाही. जायचंच असेल तर आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला विचारा, नाही म्हणाले तर मागे फिरा. चिखलच खेळायचा असेल तर कुणाचं रान भाड्याने घ्या, मालक शेवटी ट्रॅक्टर लावून बाहेर पण काढेल.