माळ मोकळा नसतो

दादाचा परवा कोल्हापूरहून फोन आला. गल्लीतली पोरं यंदा पन्हाळ्यापलीकडच्या माळावर पाचशे रोपं लावणार आहेत, वर्गणी पाठव म्हणाला. कसली रोपं, विचारलं. "गुलमोहर, गिरिपुष्प, मिळतील ती. नुसता मोकळा माळ पडलाय, झाडं लावली तर काय बिघडतंय?"

बिघडतं, दादा. इथं इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये, ते मला काउस्लिपनं शिकवलं. हे इथल्या कुरणातलं मूळचं पिवळं फूल. बी खसखशीहून थोडंसं मोठं. ऑक्टोबरात ट्रेमध्ये पेरलं, वर मातीही लोटली नाही, कारण त्याला उजेड लागतो, आणि ट्रे थंडीवाऱ्यात बाहेरच ठेवला. हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय ते रुजत नाही. मार्चमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी पानं दिसली. पहिलं वर्षभर नुसती सुरकुतलेली पानं जमिनीला चिकटून होती; फूल आलं ते दुसऱ्या एप्रिलात. एका दांड्यावर पिवळ्या फुलांचा झुपका, पाकळीच्या बुडाशी केशरी ठिपका. काही झाडांच्या फुलात स्त्रीकेसर उंच, काहींत पुंकेसर वर; बी नीट धरायला दोन्ही तऱ्हेची झाडं जवळ लागतात. डार्विननं १८६१ साली यावर निबंधच वाचला होता.

अशी फुलांची कुरणं इंग्लंड-वेल्समध्ये १९३०च्या दशकापासून सुमारे ९७ टक्के संपली. नांगरली, खतं घातली, गवत माजलं, फुलं दबली. आता ती परत आणायला माणसं धडपडतात. खत घालायचं नाही, बी गळून गेल्यावरच गवत कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं, म्हणजे माती हलकी राहते. या फुलांना हलकीच जमीन मानवते.

आपल्या जांभ्या दगडावरची वीतभर माती तशीच. श्रावण-भादव्यात तिच्यावर सोनकी आणि कवला पिवळाधमक फुलतो, धनगरांची मेंढरं तिच्यावरच जगतात. सरकारी कागदावर मात्र ती 'पडीक'. तिथं गिरिपुष्प लावलं की सावली पडणार, पाला कुजणार, मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र भरणार. म्हणजे इथल्यांनी खतानं जे केलं, तेच आपण झाडानं करणार, तेही चांगल्या मनानं, म्हणून मला जास्त लागतं.

दादा म्हणाला, "थंडीत बसून सांगायला सोपं आहे. एप्रिलात इथं उभं राहून बघ." ते खरं आहे. सावली हवीच. मग करंज, जांभूळ, उंबर गावात लावा, शाळेभोवती लावा, रस्त्याकडेला लावा. वर्गणी मी दुप्पट पाठवतो. माळासाठी काही करायचंच असेल तर दिवाळीनंतर जाळपट्टे काढा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, आणि वणवा थांबवा.

आणि यंदा तिथं खड्डे मारायच्या आधी, दादा, पोरांना घेऊन भादव्यात एकदा त्या माळावर जा. गुडघ्यावर बसून गवतात बघा, आणि फोटो मला पाठव.