‘एकच लट सगळ्या कॅमेऱ्यांना’ ह्या मेसेजबद्दल

लातूर-नांदेडकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांत मेसेज फिरायलाय, ही लट (LUT, म्हणजे रंग बदलायचा तक्ता) फाइल टाका, कुठल्याबी कॅमेऱ्याचं फुटेज डायरेक्ट सिनेमासारखं. तसं होत नसतंय. ती लटची क्यूब (.cube) फाइल नोटपॅडमधे उघडून बघा, वर साइज 33 आणि खाली नुसते आकडे, 33 गुणिले 33 गुणिले 33 म्हणजे 35,937 ओळी, हा रंग आला की तो द्यायचा एवढंच, कॅमेरा कोणता, ऊन किती हे तिला काय कळणार. ती एस-लॉग 3 साठीची हाय, म्हणजे सोनी कॅमेऱ्याच्या फिक्या, कमी कॉन्ट्रास्टच्या लॉग रेकॉर्डिंगसाठी; साध्या रेक 709 (नेहमीच्या टीव्हीच्या रंगातल्या) फुटेजवर टाकली की काळं गच्च आणि हळदीचा पिवळा पार भडक. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लटच्या आधीच्या नोडमधे (कलर सॉफ्टवेअरमधला एकेक टप्पा) करा, लटमधे कापलं गेलेलं डिटेल नंतरच्या नोडमधे परत येत नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असंल, पण तो मेसेज पुढं ढकलू नका, फाइल द्यायचीच तर कोणत्या लॉगची ते लिहून द्या.