बिनकल्हईच्या पितळेत बाळाचं दूध उकळा म्हणे!

‘इंग्रजांनी हिरावलेलं आपलं धातुज्ञान’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नातेवाइकांच्या गटांतून फिरतोय. आधी हात जोडल्याच्या चिन्हांची रांग, मग सहा मुद्दे, शेवटी ‘किमान अकरा जणांना पाठवा’. मुद्दे असे. कल्हई (भांड्याला आतून देतात तो कथलाचा थर) हा इंग्रजांनी आणलेला रासायनिक लेप असून त्यामुळे पितळेचे गुण अन्नात उतरत नाहीत, म्हणून कच्च्या पितळेतच शिजवा. बाळाचं दूधही त्यातच तापवा, यकृत बळकट होतं. प्रेशर कुकरमध्ये ८७ टक्के पोषकतत्त्वं नष्ट होतात, पितळेत फक्त ७ टक्के आणि मातीच्या भांड्यात शून्य. अ‍ॅल्युमिनियम इंग्रजांनी तुरुंगातल्या क्रांतिकारकांची बुद्धी मंद करायला आणलं. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला मारलेला काळा रंग. स्टील म्हणजे पॉलिश केलेलं लोखंड. आणि नॉनस्टिकचा कण पोटात गेला की कॅन्सर ठरलेला.

असल्या मेसेजना उत्तर देत बसलो तर दुसरं काही व्हायचं नाही. पण हा आमच्या मामींनी माझ्या भाचीला पाठवला, भाचीचं बाळ सात महिन्यांचं आहे, आणि तिनं बिनकल्हईचं पितळी पातेलं ऑनलाइन मागवलंसुद्धा. मी पुण्याजवळच्या भोसरीत प्लेटिंग आणि अ‍ॅनोडायझिंगच्या टाक्यांपाशी उभा राहून पोट भरणारा माणूस. धातूवर थर का चढवतात, एवढं तरी मला कळतं. म्हणून पहिला मुद्दा आधी, आणि सविस्तर.

कल्हई इंग्रजांनी आणली म्हणे. अकबराच्या दरबारात अबुल फज़लनं लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत शाही मुदपाकखान्याचे नियम दिलेत. बादशहाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई करावी, असं त्यात स्पष्ट आहे. काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचं पहिलं जहाजही इकडे लागलेलं नव्हतं.

‘रासायनिक लेप’ हे शब्द ज्यानं लिहिले, त्यानं कल्हईवाल्याला काम करताना कधी पाहिलेलं नसावं. भांडं घासून-पुसून भट्टीवर तापवतात. त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो. तापलेला नवसागर फुटून त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती तांब्यावरची काळी पुटं खाऊन टाकते. खाली लख्ख धातू उघडा पडतो. प्लेटिंगच्या कारखान्यात आम्ही याच कामाला पिकलिंग म्हणतो आणि त्यासाठी स्वतंत्र टाकी ठेवतो. कल्हईवाला ते चिमूटभर नवसागरात उरकतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, कापसाच्या बोळ्यानं ते भांडंभर फिरवलं की तांबं आणि कथील यांचा सांध्यावर मिश्रधातू तयार होतो. म्हणून ते सोलून निघत नाही, वापरानं झिजतं. पुरातन काळापासून माणसानं धातूवर चढवलेल्या संरक्षक थरांपैकी हा एक सगळ्यात साधा आणि शहाणा थर. त्याला हा मेसेज विष ठरवतो आणि ज्याच्यापासून तो वाचवतो त्याला अमृत.

आता ते अमृत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ त्याला लागला की तांबं सुटतं, भांड्याला हिरवट जंगाल धरतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात कुठल्याही आजीनं चिंचेची आमटी होऊ दिली नाही, ताक ठेवू दिलं नाही, कारण ते कळकतं हे तिला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. मेसेजवाले ज्या पूर्वजांची शपथ घेतात, ते पूर्वज दर काही महिन्यांनी दारात कल्हईवाल्याला बसवत होते. हौस म्हणून नव्हे.

आणि दूध? दूध काही आंबट नसतं, मग काय बिघडतं, असं भाचीनं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दूर कुठे शोधायला नको, पुण्यातच सापडतं. आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं, आणि बहुतेक मुलं दगावायची. डॉक्टरी पुस्तकांत त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’. या मुलांच्या यकृतात तांबं नेहमीच्या कित्येक पट साठलेलं सापडे. ते येतं कुठून, याचा माग इंग्लंडचे डॉ. टॅनर आणि पुण्याचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे यांनी काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं होतं. पुढच्या कामातून हेही दिसलं की दुधातलं केसीन हे प्रथिन पितळेतलं तांबं ओढून घेऊन धरून ठेवतं. म्हणजे दूध आंबट असायची गरजच नाही. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्याच्या यकृताला ते अजून नीट जमत नसतं, शिवाय जन्मतःच त्यात तांब्याचा साठा जास्त असतो.

म्हणजे ज्या गोष्टीनं यकृत बळकट होतं असं मेसेज सांगतो, नेमक्या त्याच गोष्टीचा संबंध मुलांची यकृतं निकामी होण्याशी जोडला गेलाय. हे वाचून मला जे शब्द सुचले ते इथे लिहिता येत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. एक, ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पितळेतच दूध तापायचं, आम्हाला काय झालं?’ बरोबर आहे, सगळ्यांना होत नसे. तज्ज्ञांमध्येही वाद आहे. काही मुलांच्या शरीरातच तांबं न पेलण्याची आनुवंशिक कमतरता असावी, असं पुष्कळांना वाटतं. पण तुमच्या बाळात ती आहे की नाही हे तुम्ही कसं ओळखणार? ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात अगदी असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ बाळं त्याला बळी पडली. गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून द्यायची तिथली रीत. भांडी बदलली आणि आजार गेला. तिथेही आनुवंशिक कारण असल्याचं संशोधक म्हणतात, पण घराण्यातले गुण काही बदलता येत नाहीत, पातेलं बदलता येतं. आपल्याकडेही घराघरांत स्टील आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

दुसरा आक्षेप, ‘तांब्यातलं पाणी तर चांगलं असतं ना!’ असतं, नाइलाजानं मान्य. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात, आणि साध्या पाण्यात तांबं फारसं उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. पण त्यात लिंबू पिळून ठेवलंत की हिशेब बदलला. आणि पाण्याचं सर्टिफिकेट दुधाला लागू होत नाही.

ज्यांना डॉक्टरांपेक्षा सरकारी कागद जास्त पटतो, त्यांच्यासाठी : १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत, नियम ४९ मध्ये, नीट कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात बनवलेलं किंवा साठवलेलं अन्न खाण्यास अयोग्य समजावं असं लिहिलं होतं. गंजकी भांडी आणि टवके उडालेली एनॅमलची भांडी त्याच यादीत होती. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही हे कलम आलं. १९५५ साली इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली होती, तेव्हा कारस्थान कुणाचं ते मेसेजवाल्यांनीच ठरवावं.

कल्हईबद्दल एक भीती मात्र खरी आहे आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. कथील महाग, शिसं स्वस्त. भेसळ होते. शिशाचा अंश मुलांच्या मेंदूला घातक, त्याला सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. तेव्हा कल्हईवाल्याकडची कांडी हातात घेऊन वाकवून बघा. शुद्ध कथील वाकताना कर्रकर्र आवाज करतं. शिसं मिसळलेलं असेल तर ते मुकं होतं. कागदावर ओढून पाहा, शिसं जास्त असेल तर राखाडी रेघ उमटते. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण ढळढळीत भेसळ सापडते. शंका असेल तर शुद्ध कथील स्वतः विकत आणून द्या. आणि कल्हई केलेलं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, वर सांगितलेले २३२ अंश गाठायला वेळ लागत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो, त्यांची तेवढीच लायकी आहे.

कुकरमध्ये ८७ टक्के ‘पोषकतत्त्वं’ नष्ट. कुठली? लोह, कॅल्शियम ही मूलद्रव्यं आहेत, ती कुकरमध्ये नष्ट व्हायला लागली तर स्वयंपाकघराऐवजी अणुभट्टी म्हणावं लागेल. पिष्ट आणि प्रथिनं शिजतात, नाहीशी होत नाहीत. क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं, पण ते मातीच्या मडक्यातही होतं, आणि तिथे शिजायला वेळ जास्त लागतो. शून्य टक्के नुकसान फक्त न शिजवलेल्या भाजीचं. शिवाय बरेच कुकर आता स्टीलचे असतात, त्यांचा आकडा कुणी दिला नाही.

तुरुंगाची गोष्ट. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत सापडली १८८६ साली, अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये एकाच वर्षी. भारतात त्याची भांडी घडवायला मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास सुरुवात केली, ती इथल्या कारागिरांना धंदा मिळावा म्हणून. भांडी हलकी, स्वस्त, कल्हईचा खर्च नाही, म्हणून खपली. बुद्धी मंद करायच्या बेताचा एकही कागद मेसेजवाल्यांनी दाखवलेला नाही. आंबट पदार्थात अ‍ॅल्युमिनियम थोडं उतरतं, हे खरं. टोमॅटोचं सार त्यात रात्रभर ठेवू नका.

‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड म्हणजे काळा रंग.’ हे वाक्य माझ्या टाकीवरच्या पोरांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. रंग वरून बसतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये जॉब, म्हणजे थर चढवायची वस्तू, सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत टांगून रेक्टिफायरच्या (एकाच दिशेनं वीज देणाऱ्या यंत्राच्या) धन टोकाला जोडतात, आणि बोटातून नख वाढावं तसा ऑक्साइडचा थर खुद्द धातूतूनच वाढतो, निम्मा आत, निम्मा बाहेर. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं आपोआप धरणारा थर काही नॅनोमीटरचा. हार्ड अ‍ॅनोडायझिंगमध्ये आम्ल शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून तो २५ ते ५० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे हजारो पट जाड करतात. माणिक आणि नीलम ज्या ऑक्साइडचे, तोच हा. त्याचं वैर अल्कलींशी : डिशवॉशरच्या कडक पावडरीनं आणि धुण्याच्या सोड्यानं तो पांढरट पडून झिजतो. साध्या साबणानं धुवा. दुकानात हार्ड अ‍ॅनोडाइज्ड म्हणून विकलेल्या काही भांड्यांना आतून नॉनस्टिकचा थर असतो, तो निराळा. पाकिटावर पाहून घ्या.

स्टीलवर कुणी पॉलिश मारून गंज थांबवत नाही. त्यात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं, त्याचा अदृश्य थर ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा धरतो. मुद्दा संपला.

राहिलं नॉनस्टिक, आणि इथे मेसेज निम्मा बरोबर आहे. तो थर बनवताना पूर्वी पीएफओए नावाचं रसायन वापरत. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्या कारखान्यांभोवतीच्या लोकांनी त्याची किंमत मोजलीय. पण पीएफओए म्हणजे तव्यावरचा थर नव्हे. तो थर टेफ्लॉन जातीचा. त्याचा कण चुकून गिळला तर तो न पचता बाहेर पडतो. धोका तापवण्यात आहे. २६० अंशांच्या पुढे तो थर खराब व्हायला लागतो, साडेतीनशेच्या आसपास त्याच्या वाफेनं माणसाला ताप-थंडी भरते आणि पिंजऱ्यातले पक्षी मरतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसणाऱ्यांना हे लागू. ‘पीएफओए-फ्री’ या लेबलावरही फार विसंबू नका, त्याच्या भाऊबंद रसायनांबद्दल ते लेबल काही बोलत नाही. थर उडालेला नॉनस्टिक तवा असेल तर तो टाकून द्या आणि धिरड्यांना बिडाचा आणा.